अल्सरेटिव्ह कोलायटिस: घरची हळद द्यावी की कर्क्युमिनची कॅप्सूल?

हरिपूर_रोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. सासऱ्यांच्या वेळेपासून घरात हळदीची अडत, त्यामुळे हळकुंडाच्या पोत्यांतच संसार झाला म्हणा ना. २००५ च्या पुरात हरिपूरची पेवं बुडाली त्यात आमचाही माल गेला होता. ते असो.

थोरला मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीनंतर त्याला शौचातून रक्त आणि आव पडायला लागली. कोलोनोस्कोपी झाली, तुकडा काढून तपासला, अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूपुरतंच आहे म्हणाले. मेसालामिनच्या गोळ्या आणि रात्री त्याचाच एनिमा चालू आहे. रक्त बरंच कमी झालंय, पण अजून पूर्ण थांबलेलं नाही.

आता घरात वाद. चुलत सासरे म्हणतात, बोट कापलं की आपण हळद दाबतो, रक्त थांबतं, मग आतल्या जखमेला हळद का नको? मुलगा म्हणतो, हळद नाही, कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं ते पिवळं द्रव्य. त्याला कुठल्या तरी कंपनीची कॅप्सूल मागवायचीय, तिच्यात मिऱ्याचा अर्कपण आहे आणि महिन्याची बाटली दीड हजाराच्या पुढे जाते. हळदीच्या घरातल्या पोराने हळद विकत घ्यायची म्हणजे मला कसंतरीच वाटतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "घ्या हवं तर, पण गोळी सोडू नका," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मला एवढंच कळून घ्यायचंय. आमच्याच शेतकऱ्याकडची चांगली राजापुरी दळून पाठवली, रोज दुधातून घेतली, तर त्या आतड्याच्या अस्तराला काही उपयोग होतो का? स्वतः यातून गेलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

निसर्गमित्र_७१

ताई, गोळ्या आधी बंद करा. रोज अनशापोटी एक चमचा हळद, गाईचं तूप, चिमूटभर मिरी. माझ्या मेव्हण्याची मूळव्याध याच्यावर गेली. हळद आतडं धुऊन काढते.

चारशे_पंचवीस

ताई, नमस्कार. मी तुर्भ्याला मसाले तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. निर्यातीच्या हळदीत कर्क्युमिन किती आहे ते काढणं हे रोजचं काम. अल्कोहोलमध्ये अर्क उतरवायचा, ४२५ नॅनोमीटरवर तो किती प्रकाश शोषतो ते वाचायचं, आकडा लिहून सही करायची. माझं इथलं नाव त्यावरूनच. आणि तुमच्या मुलाचं दुखणं मलाही आहे, त्याच्यापेक्षा बरंच जुनं. तेव्हा दोन्ही अंगांनी सांगतो. जरा लांबेल.

आधी वरच्या मित्रांना. मूळव्याध आणि कोलायटिस यांत सारखं काय, तर रक्त. बाकी काही नाही. आणि गोळ्या बंद करण्याबद्दल: २००३ साली शिकागोच्या डॉक्टरांनी रोग शांत असलेल्या, मेसालामिनवरच्या रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. गोळी नेमाने न घेणाऱ्यांचा रोग उलटण्याचा धोका नेमाने घेणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला. इथे लिहायला काही जात नाही, रक्त पोराचं जातं.

आता हळदीचा हिशेब. तुम्ही अडतवाले, हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो.

हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के. वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीत सहाच्या आसपास सांगतात. आपण ३ धरू. सपाट चमचाभर हळद म्हणजे ३ ग्रॅम, त्यात कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम. दुधात अर्धा चमचा टाकलीत तर ४५. चौघांच्या भाजीत पाव चमचा टाकता, त्यातलं एकाच्या वाट्याला येतं पाच-सहा मिलिग्रॅम. वर कुकर लावलात तर तेही सगळं राहत नाही. मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेने २००७ मध्ये मोजलं होतं: शिजवण्यात २७ ते ५३ टक्के कर्क्युमिन जातं, सगळ्यात जास्त प्रेशर कुकरमध्ये.

आता रुग्णांवर काय वापरलं ते बघा. जपानमध्ये २००६ साली ८९ जणांवर चाचणी झाली. सगळे रोग शांत झालेले, सगळे मेसालामिन किंवा त्याच जातीचं सल्फासालाझिन घेणारे. अर्ध्यांना त्याच्या जोडीला सकाळी १ ग्रॅम आणि रात्री १ ग्रॅम कर्क्युमिन, बाकीच्यांना तसंच दिसणारं खोटं औषध. सहा महिन्यांत कर्क्युमिनवाल्या ४३ पैकी २ जणांचा रोग उलटला, दुसऱ्या गटात ३९ पैकी ८. पुढे सहा महिने कर्क्युमिन बंद ठेवून फक्त मूळ औषध चालू ठेवलं, तर आधी कर्क्युमिन घेणाऱ्यांतले आणखी ८ उलटले. म्हणजे असर होता तो घेत असेपर्यंतच.

दुसरी चाचणी २०१५ ची, इस्रायल, हाँगकाँग आणि सायप्रसमधली. पन्नास रुग्ण, मेसालामिन पूर्ण मात्रेत घेऊनही रोग सौम्य-मध्यम चालूच असलेले. तुमच्या मुलासारखेच. त्यांना रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन जोडीला दिलं. महिन्याभरात २६ पैकी १४ जणांचा रोग शांत झाला, खोट्या औषधावरच्या २४ पैकी एकाचाही नाही.

आणि तिसरी आपल्या दिल्लीच्या एम्सची, २०१७ मध्ये छापली. ६२ रुग्ण, रोज १५० मिलिग्रॅम तीन वेळा, म्हणजे ४५० मिलिग्रॅम, आठ आठवडे, मेसालामिनबरोबरच. काही फरक नाही. या चाचणीची लिंक कुणी पाठवत नाही. तुमच्यासाठी मात्र तीच सगळ्यात कामाची आहे. ४५० मिलिग्रॅम म्हणजे चमच्याने पाच चमचे हळद, आणि तेवढ्यानेही काम भागलं नाही. ३ ग्रॅम कर्क्युमिन हळदीतून द्यायचं तर रोज १०० ग्रॅम हळद. महिन्याला तीन किलो. सांगलीच्या सौद्यात उभं राहून तीन किलो हा आकडा हसण्यावारी जाईल, पण पोटात जायचा नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर: हळदीचं दूध पाठवा, आवडत असेल तर पिऊ दे, त्याने बिघडत नाही. पण त्याला औषध म्हणू नका.

चुलत सासऱ्यांचं म्हणणं एकदा अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानेही मान्य केलं होतं. जखम भरायला हळद, याचं पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं होतं. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने ते लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पण कापलेलं बोट वेगळं आणि हे वेगळं. आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, त्यावर बुळबुळीत श्लेष्माचं पांघरूण, आणि पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या. कोलायटिसमध्ये आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा या थरावर उठते. सूज आणणारे रेणू शिवण उसवतात, मग आतले जिवाणू अस्तराखाली घुसतात आणि सूज आणखी चढते. थर दर चार-पाच दिवसांनी नवा होतो खरा, पण आग चालू असेपर्यंत नवाही टिकत नाही. मेसालामिन ती आग आतड्यातच, अस्तराला लागून कमी करतं. कर्क्युमिनकडून अपेक्षा तशीच आहे. एनएफ कप्पा बी म्हणून पेशीतली सूज चालू करणारी एक कळ आहे, ती कर्क्युमिन दाबतं असं १९९५ पासून छापून येतंय.

पण इथे माझ्यातला केमिस्ट थोडा कुरकुरतो. काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन जवळजवळ सगळ्याच रोगांवर चालतं. कारण हे द्रव्य स्वतः रंगीत, स्वतः चमकणारं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं. ज्या यंत्राने मोजायचं त्यालाच ते चकवतं. २०१७ मध्ये काही औषध-रसायनशास्त्रज्ञांनी यावर लांबलचक लेख लिहून अख्ख्या संशोधनाला धारेवर धरलं होतं. शिवाय हे टिकाऊ नाही. चुना घातला की हळदीचं कुंकू होतं हे तुम्हाला माहीतच आहे. अल्कलीत कर्क्युमिनचा रंग बदलतो आणि पुढे ते मोडतं. तेव्हा बशीतल्या निकालांना मी फारशी किंमत देत नाही. वरच्या तीन चाचण्या माणसांवरच्या आहेत, म्हणून त्या सांगितल्या. त्याही लहानच आहेत, हे विसरू नका.

मिऱ्याच्या अर्काबद्दल उद्या लिहितो, ते महत्त्वाचं आहे. तोवर ती बाटली मागवू नका.

सांगोल्याचा_भगवा

आमच्यात जुलाबाला डाळिंबाची साल. वाळवून, कुटून, ताकातून. आज्जी द्यायची, आता मी द्राक्षवाल्या पाहुण्यांनापण देतो. सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे तिथल्या एका शिबिरात ऐकलं की डाळिंबातून आतड्याचं अस्तर घट्ट करणारं काहीतरी तयार होतं. खरं असेल तर ताईंना एक पेटी भगवा डाळिंब माझ्याकडून. तेल्या रोगातून वाचलेला माल आहे, फुकट मिळतोय असं समजू नका!

योकोहामा_मराठी

मी या विषयातला नाही, पण इथे जपानमध्ये एक गोष्ट जवळून बघितली म्हणून लिहितो. माझ्या ऑफिसातल्या एकाला हाच रोग. तो चिनी औषधांच्या दुकानातून गडद निळी पूड आणायचा, जपानीत सेइताई म्हणतात. नीळच ती, निळीच्या झाडांपासून काढलेली. त्याला फरक जबरदस्त पडला होता.

मग मी शोधाशोध केली. केओ विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्यावर रीतसर चाचणी केली, २०१८ मध्ये छापून आली. ८६ रुग्ण, आठ आठवडे. खोट्या औषधावर १३.६ टक्के लोकांना फरक पडला, नीळ घेणाऱ्यांत मात्रेप्रमाणे ६९.६, ७५ आणि ८१ टक्के. वनस्पतीच्या पुडीसाठी हे आकडे अचाट आहेत. पण चाचणी मध्येच थांबवावी लागली. बाहेर स्वतःच्या मनाने सेइताई घेणाऱ्याला फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा उच्च रक्तदाब झाल्याचं समोर आलं. इथल्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये तसा इशाराच काढला. माझ्या सहकाऱ्याच्या डॉक्टरने त्याला ती लगेच थांबवायला लावली.

झाडपाला म्हणजे निर्धोक असं आपण धरून चालतो, म्हणून सांगावंसं वाटलं.

चारशे_पंचवीस

योकोहामा, फार चांगलं लिहिलंत. आणि गंमत बघा, तुमची नीळ आणि सांगोल्याचं डाळिंब एकाच दाराची कडी वाजवतात.

आतड्याच्या पेशींत अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर नावाचा, निरोप पकडणारा एक रेणू असतो. तो जागा झाला की आजूबाजूच्या रोगप्रतिकारक पेशींतून आयएल-२२ नावाचं निरोप पोचवणारं प्रथिन सुटतं आणि अस्तराच्या दुरुस्तीचं काम सुरू होतं. निळीतले इंडिगो आणि इंडिरुबिन त्याला जोरात जागं करतात. बहुधा म्हणूनच गुणही तेवढा आणि धोकाही. कोबी, मुळा, मोहरीच्या पाल्यात जे असतं त्यापासून पोटातल्या आम्लात इंडोल जातीची द्रव्यं बनतात, ती हेच काम हळू हाताने करतात. लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये ब्रिगिटा स्टॉकिंगर यांच्या गटाने उंदरांवर हे छान दाखवलंय. उंदरांवर.

डाळिंबाचं असं. त्यातल्या एलॅजिटॅनिनपासून आपल्या आतड्यातले जिवाणू युरोलिथिन ए नावाचं द्रव्य बनवतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या आणि बंगळूरच्या इनस्टेम या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून दाखवलं की ते याच रिसेप्टरमार्फत पेशींमधली शिवण घट्ट करतं. पुन्हा उंदीरच. आणि ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकच डाळिंब दोघांनी खाल्लं तर एकाच्या पोटात युरोलिथिन होईल, दुसऱ्याच्या होणारही नाही. तेव्हा सांगोलेकर, पेटी जरूर पाठवा, दाणे पोराला खाऊ दे. रक्त पडत असेल तर बिया न चावता गिळण्यापेक्षा गाळलेला रस बरा. सालीचं मात्र नको. ती टॅनिनने जुलाब बांधते. कोलायटिसच्या जोराच्या झटक्यात जुलाब बांधून ठेवणं धोक्याचं असतं, आतडं फुगून जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरला विचारल्याशिवाय कधीच नाही.

आता मिरी. ताई, ती कॅप्सूल ज्या अभ्यासाच्या जोरावर विकली जाते तो आपल्याच बंगळूरच्या सेंट जॉन्सचा, १९९८ चा. २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढलं. अभ्यासाबद्दल तक्रार नाही. पण तुमच्या मुलाला कर्क्युमिन रक्तात हवंय कशाला? दुखणं मोठ्या आतड्याच्या अस्तरात आहे. कर्क्युमिन नीट शोषलं जात नाही, बहुतेक सगळं तसंच खाली सरकत शौचावाटे जातं, ही गोष्ट संधिवाताच्या रुग्णाला अडचणीची असेल, आपल्याला सोयीची आहे. वाटेत ते अस्तराला लागून जातं. जपान आणि इस्रायलच्या चाचण्यांमागे हाच विचार. मिरी घालून ते वरच्या वर रक्तात ओढून घ्यायचं म्हणजे मोटर लावून पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यायचं सोडून विहिरीपाशीच फोडण्यासारखं आहे.

आणि ते यकृताला झेपेलच असं नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत कावीळ-हेपटायटिसचे रुग्ण एकापाठोपाठ निघाले, तेव्हा तिथल्या सरकारने बाटल्यांवर इशारा छापायला लावला. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांनी हळदीमुळे झालेले १० रुग्ण तपासले. त्यांतल्या ७ जणांत एकच जनुकीय खूण सापडली, आणि काही जणांच्या गोळ्यांत मिऱ्याचा अर्क होता. भाजीतल्या हळदीने हे होत नाही.

हरिपूर_रोड

दादा, तुम्ही एवढं बसून लिहिलंत, फार उपकार झाले. चुलत सासऱ्यांना वाचून दाखवलं. पेटंटचं ऐकून खूश झाले, पुढचं ऐकून चहा मागितला.

काल मुलाशी बोलले. त्याने अजून मागवली नव्हती. आता दोनच शंका. एक, ओली हळद? बाजारात आलीय, लोणचं घालतेच आहे. दुसरं, साधी कॅप्सूल घ्यायची झाली तर बाटलीवर काय बघायचं? आणि सांगोल्याच्या दादांना पत्ता व्यक्तिगत निरोपात देते, पण पैसे घ्यावे लागतील.

बडोद्याची_सुमन

मध्येच बोलते. आमच्या इकडे ऊंझा-सिद्धपूरचा इसबगोल. माझ्या नवऱ्याला हेच दुखणं, आणि त्याच्या डॉक्टरांनी स्वतःहून इसबगोल लिहून दिला, तेही रक्त पूर्ण थांबल्यावर. म्हणाले, स्पेनमध्ये १९९९ साली शंभरावर रुग्णांवर बघितलंय, रोग शांत असताना इसबगोलाचं बी रोज २० ग्रॅम घेणाऱ्यांचा आणि मेसालामिन घेणाऱ्यांचा रोग वर्षभरात साधारण सारखाच उलटला. आतड्यातले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेट करतात, आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावरच जगतात असं काहीसं. हे स्वस्त आहे म्हणून कुणी सांगत नाही. भरपूर पाणी मात्र हवं, नाहीतर घशात-पोटात गोळा होतो. नवऱ्याने मेसालामिन सोडलेलं नाही.

चारशे_पंचवीस

सुमनताईंचं बरोबर आहे, आणि "रक्त पूर्ण थांबल्यावर" हे शब्द मुलाला दोनदा वाचायला लावा. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर इसबगोल नाही.

ओली हळद: तिच्यात पाणीच बहुतेक. तेवढ्याच वजनात कर्क्युमिन वाळलेल्या हळदीपेक्षा कमी. लोणचं चवीला खाऊ दे, तिखट सोसत असेल तर.

बाटली: "९५ टक्के कर्क्युमिनॉइड" असं लिहिलेलं असतं. त्यात नुसतं कर्क्युमिन पाऊणभर असतं, बाकी त्याचीच दोन भावंडं, ते चालतं. पिपरिन, मिऱ्याचा अर्क, "अनेक पट शोषण", नॅनो असलं काही लिहिलं असेल तर ठेवून द्या. एका कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन किती आणि हळदीची पूड किती ते वेगवेगळं लिहिलंय का बघा. "हळद १००० मिलिग्रॅम" म्हणजे कर्क्युमिन ३० मिलिग्रॅमही असू शकतं. अशा बाटल्या पूर्वी माझ्या टेबलावर बऱ्याच यायच्या.

आणि मागवायच्या आधी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जाऊ दे. "हळद घेऊ का" असं विचारलं की तुम्हाला मिळालं तसंच उत्तर मिळतं. त्याने विचारावं: मेसालामिनच्या जोडीला रोज २-३ ग्रॅम कर्क्युमिन महिनाभर घेऊन बघू का, आधी आणि नंतर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातली सूज दाखवणारं प्रथिन) आणि यकृताच्या तपासण्या करू का. अन्नातला रंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम धरलेली आहे, साठ किलोच्या माणसाला १८०. चाचणीतली मात्रा त्याच्या कितीतरी वर जाते, म्हणून ती देखरेखीखालीच. पित्ताशयात खडे असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मुतखड्याचा त्रास असेल तर आधी सांगायचं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद.

महिन्याने कॅलप्रोटेक्टिन उतरलं नाही तर पुढची बाटली घ्यायची नाही. इथे आकडा येऊन टाका, मी बघतो.